खुंटीवरचा शर्ट

पंचफुलानं खुंटीवरच्या शर्टाचा खिसा उलटा करून नाकाला लावला. नुसता साबणाचा वास. मग तिनं पॅन्ट झटकली, गादी उचलली, मोटरसायकलची डिक्कीही उघडून पाहिली. कुठंच काही नाही. परवापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

पोराचे खिसे हुंगायची तिची सवय जुनीच. नवरा बाबाराव दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळायचा. तो पोटाच्या कॅन्सरनं गेला तेव्हा अख्खं बोरी अरब गाव म्हणालं, खर्ऱ्यानं खाल्ला. तिनंही तेच धरलं, आणि मेलेल्या माणसावरचा राग काही सोडला नाही. संघदीपला मात्र तिनं असा धाकात वाढवला, की पोरानं सुपारीचं खांडसुद्धा कधी दाताखाली धरलं नाही.

आणि परवा नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या रक्ताचा रिपोर्ट समजावून सांगितला. शरीरातला काही बिघाड माणूस जगता जगता कमावतो. तंबाखूनं, धुरानं, पोटात ठाण मांडून बसलेल्या जंतूनं. काही मात्र जन्मासोबतच येतो. संघदीपचा हा दुसऱ्या प्रकारचा, बापाकडून आलेला. बापाची बहीण, कसल्याही व्यसनाला न शिवणारी, तीही बहुधा त्यानंच गेली. रोग अजून झालेला नाही, पण धोका फार मोठा. वेळीच जठर काढून टाकलेलं बरं. त्याशिवायही माणूस थोडं थोडं खाऊन जगतो.

संघदीपनं ऑपरेशनची तारीख घेऊनही टाकली. पंचफुलाच्या डोक्यात मात्र एकच घोळत होतं. कमावलेलं सोडता येतं, जन्माचं कसं सोडायचं? तिला भाकर गोड लागेना.

संध्याकाळी तो दुकानातून आला, तर ती त्याची शाळेची जुनी पेटी उचकून बसलेली.

"काय शोधून राह्यली, माय?"

तिनं पेटीचं झाकण लावलं.

"तू लपून खर्रा खात होता का? खरं सांग. मी रागावत नाही."

नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण तिच्याकडे पाहून तसंच मिटलं. जे सापडू नये म्हणून ती आयुष्यभर धास्तावली, तेच आज सापडावं म्हणून ती घर उलथंपालथं करत होती.

तो तसाच बाहेर पडला. चौकातल्या पानठेल्यावर खर्रा मागताना कसा मागतात हेही त्याला ठाऊक नव्हतं. ठेलेवाला विक्की हसला. हे कवापासून, म्हणाला. संघदीपनं पैसे पुढे केले. घरी येऊन त्यानं खर्ऱ्याची प्लास्टिकची पन्नी खिशात ठेवली आणि शर्ट खुंटीला लावला.

सकाळी पंचफुला चुलीपाशी पन्नी मुठीत घेऊन बसली होती. डोळे ओले होते, पण कपाळावरची आठी गेली होती.

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली. "आता ऑपरेशन करून घे, अन् हे सोड. मंग काही होत नाही तुले."

संघदीप तिच्यासमोर उकिडवा बसला. तिनं पन्नी चुलीत टाकली.

"सोडतो, माय," तो म्हणाला.