पडद्याआडचा खोकला

कथा

एका बाईचा नवरा मरतो. मेल्यानंतरही तो रोज संध्याकाळी जिना चढून दारापर्यंत येतो आणि थांबतो. दार उघडलं तर तो आत येईल, पण त्याच्या बदल्यात घरातल्या कोणाला तरी खाली जावं लागेल. खाली म्हणजे परलोकात. या चित्रपटातला परलोक इमारतीच्या तळघराखाली आहे आणि तिथे मेलेली माणसं निळ्या उजेडात रांग लावून उभी असतात. बाईला दार उघडायचं आहे. मुलीला ते उघडू द्यायचं नाही. गोष्ट एवढीच.

आमच्या पुरवणीत समीक्षेचे रकाने ठरलेले आहेत: कथा, अभिनय, छायाचित्रण, ध्वनी, गुण, कोणी पाहावा. एकेक भरत जायचं. रडवायचं ठरवून काढलेले चित्रपट मला लांबून ओळखू येतात, त्यामुळे हा रकाना भरताना हात जरा आखडताच होता. तरी भरला. पुढचा घेतला.

अभिनय

मुलगी झालेली नटी चांगली आहे. ती रडत नाही, नुसती आईवर पाळत ठेवते. आई झालेल्या नटीला मात्र दिग्दर्शकाने अर्धा चित्रपट दाराकडे बघत बसवून ठेवलं आहे आणि

आणि त्या दाराबाहेर माझे बाबा खोकले.

हे काही समीक्षेत लिहिता येणार नाही. पण सकाळी पत्रकारांसाठीच्या खेळात झालं ते असं. पडद्यावरच्या जिन्यात पावलं वाजली. एक पाऊल नीट पडणारं, एक किंचित घासत येणारं. मग दारापाशी दोन खोकले, एक छोटा आणि एक त्याहून छोटा.

बाबांना जाऊन वर्ष होऊन गेलं. ते घरी असेच यायचे. डावा पाय एका जुन्या अपघातापासून घासायचा. आणि खोकला हा खोकला नव्हताच, ती वर्दी होती. आम्ही भावंडं अभ्यास सोडून टीव्हीसमोर बसलेलो असणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं. टीव्ही बंद करून पुस्तकं उघडायला आम्हाला वेळ मिळावा, म्हणून ते बाहेरच खोकायचे. त्यांनी आम्हाला एकदाही पकडलं नाही.

शेजारी दुसऱ्या पेपरचा समीक्षक वेफर्स खात होता. त्याचं तोंड थांबलं नाही. म्हणजे त्याला तो नुसता खोकला वाटला.

शेवटच्या पाट्या सुरू व्हायच्या आत मी उठले. आम्हा समीक्षकांची ती सवयच आहे. नावं वाचायला कोण थांबतंय?

छायाचित्रण

निळं. परलोकातली ट्यूबलाइट बदलायला कोणी आलेलं दिसत नाही.

बाहेर पडते तोच आईचा फोन. इथे मला पहिल्यांदा खटकलं. आई चित्रपटांची चौकशी करत नाही. माझं काम तिच्या लेखी अंधारात बसून लोकांच्या चुका काढायचं. आज मात्र तिने विचारलं, पाहिलास का? मी हो म्हटलं. कसा आहे, हे तिने विचारलं नाही. विचारलं, आवाज नीट येत होता का? कसला आवाज, म्हटलं. तर म्हणाली, थिएटरात हल्ली कान फुटतात म्हणून विचारलं, उद्या ठोक्या मला घेऊन जाणार आहे.

ठोक्या माझा धाकटा भाऊ. लहानपणी चमचा हातात आला की ताट, टेबल, माझं डोकं, जे समोर असेल ते ठोकायचा. नाव पडलं ते पडलंच. आता तो चित्रपटांना आवाज पुरवतो. या चित्रपटाबद्दल त्याने मला अवाक्षर सांगितलं नव्हतं.

मग मला एकेक जुळत गेलं. शेवटच्या आजारात ठोक्या रोज बाबांपाशी बसायचा. बाबांनी आम्हा दोघांना बजावलं होतं की फोटो काढायचे नाहीत, आवाज भरून ठेवायचा नाही. "मला असा साठवून ठेवू नका," म्हणाले होते. आणि ठोक्याच्या खिशात तर आवाज टिपायचं यंत्र किल्ल्यांसारखं कायम असतं. पण आजारपणात बाबा जिना कुठे चढत होते? म्हणजे याने त्याही आधीपासून भरून ठेवलेले. किती आधीपासून? आणि घरातलं आणखी काय काय आहे त्या यंत्रात?

उद्या आई अंधारात बसणार आणि ध्यानीमनी नसताना तिच्या कानाशी नवरा खोकणार. ते मला आजच थांबवायचं होतं. आणि ठोक्याने खरंच चोरी केली असेल, तर भाऊ असो की कोणी, मी ती छापणार होते.

ध्वनी

पुरवणीच्या संपादक बाईंना संध्याकाळपर्यंत मजकूर हवा होता. हा रकाना मोकळा ठेवून मी ठोक्याच्या स्टुडिओत गेले.

स्टुडिओ म्हणजे एक बंद खोली. जमिनीवर चौकोन आखलेले, एकात फरशी, एकात फळ्या, एकात वाळू, एकात खडी. मधोमध चौकटीत बसवलेलं एक दार, आजूबाजूला भिंत नाही. कोपऱ्यात मांडणीभर बूट आणि चपला. ठोक्या जुन्या कॅसेटमधल्या फितीचा गुंता जमिनीवर पसरत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "ताई, सरक. गवतावर उभी आहेस."

त्या फितीवर चाललं की पडद्यावर गवत वाजतं. मी सरकले नाही. विचारलं, "बाबांना कधी रेकॉर्ड केलंस?"

केलं नाही म्हणाला. मी म्हटलं, मला कान आहेत. तो म्हणाला, कान मलाही आहेत, त्यांच्यावरच पोट आहे माझं. मी बरंच बोलले. त्यांनी नको सांगितलं होतं, आईचा तरी विचार करायचास, लाज कशी नाही वाटली. तो फितीचा गुंता सोडवत ऐकत राहिला. माझं संपल्यावर उठला आणि मांडणीवरून बुटांचा एक जोड काढला.

तपकिरी. डाव्या बुटाचा तळ पुढे, बाहेरच्या कडेला झिजलेला. हे बूट आईने कोणाला तरी देऊन टाकले अशी माझी समजूत होती. ठोक्याने ते घातले. त्याला मोठे होतात, पुढे कागदाचे बोळे कोंबले होते. तो फरशीवर माइकसमोर उभा राहिला आणि जागच्या जागी चालू लागला.

मी डोळे मिटले. बाबा वर येत होते. डोळे उघडले तर ठोक्या, घामेजलेला, आहे तिथेच.

"पुरे," मी म्हणाले.

पडद्यावरचा पाऊस नळाचा असतो आणि रक्त सरबताचं, हे मी वाचकांना वर्षानुवर्षं सांगत आले आहे. त्या जिन्यातला माणूस तेवढा मला खरा वाटला होता. ओशाळायला हवं होतं. पण एक बाकी होतं.

"आणि खोकला?"

"तो माझा नाही."

कोणाचा, ते सांगायला त्याने वेळ लावला. आधी म्हणाला, संहितेत खोकला नव्हताच, ती कल्पना त्याची. मेलेल्या माणसाने आतल्यांना सावरायला थोडा वेळ द्यावा, एवढंच मनात होतं. त्याने स्वतः खोकून पाहिलं, जमलं नाही. एक नट बोलावला. त्याचा खोकला ऐकून दिग्दर्शकाने आधी त्याला डॉक्टरकडे जायला सांगितलं. त्या दुपारी आई डबा घेऊन आली होती, काचेपलीकडे बसून ऐकत होती.

"आईचा आहे," ठोक्या म्हणाला. "मी थोडा जाड केला, बस."

"आणि मला कोणी सांगितलं नाही."

"आईच म्हणाली, तिला कळू देऊ नकोस, पेपरात लिहील."

माझा विश्वास बसला नाही. फार सोयीचं होतं ते. आईचं नाव पुढे केलं की मी गप्प बसणार, आणि धाकट्यासाठी आई कशालाही हो म्हणते, हे ठोक्याला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. तिथूनच घरी गेले. आई धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. मी विचारलं, तिने हो म्हटलं. इतक्या पटकन हो म्हटलं की ठोक्याचा फोन माझ्याआधी पोहोचलेला होता हे उघड होतं.

खोकून दाखव, म्हटलं.

"सांगून येतो का तो?"

"मग तिथे कसा आला?"

आईने चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. दोघींनी ती ताणली, दुमडली, पुन्हा दुमडली. तिचं टोक माझ्या टोकाला लावता लावता ती म्हणाली, "तिथे दार होतं. मी बाहेरच्या बाजूला उभी राहिले."

मग घडी घेऊन आत निघून गेली. आता याला पुरावा म्हणायचं का?

गुण

पुरवणीच्या बाईंना फोन करून सांगितलं की या चित्रपटात माझा भाऊ आहे, मला लिहिता येणार नाही. त्या म्हणाल्या, हे संध्याकाळी कळलं का तुम्हाला? पाट्यांत नाव असेल ना त्याचं. मी म्हटलं, पाट्या पाहिल्या नाहीत.  बाई म्हणाल्या, बरं, त्या जागेत गाद्यांची जाहिरात टाकते.

कोणी पाहावा

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला आम्ही तिघं गेलो. ठोक्या, मग मी, मग आई. आईच्या पलीकडची खुर्ची रिकामी होती, तिने तिच्यावर पर्स ठेवली.

मी चित्रपट पाहिलाच नाही, आईला पाहत होते. मनाशी सरळ हिशेब केला होता. ती दचकली, तर खोकला बाबांचा, ठोक्या चोर, आणि आई त्याला पाठीशी घालते आहे. दचकली नाही, तर मग बघू.

पडद्यावर निळा उजेड आला आणि गेला. मागे कोणीतरी हुंदका दिला. मग जिन्यात पावलं वाजू लागली. आईच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. बाबांच्या बुटातल्या ठोक्याच्या पावलांना मात्र अंधारात मी ओळखत होते, आणि तरी माझी पाठ आपोआप ताठ झाली, टीव्ही बंद करायला उठावं तशी.

पावलं दारापाशी थांबली. आणि आईचे खांदे वर उचलले गेले. तिने श्वास घेतला, छोटासा, आधीच. खोकला पडद्यावर यायच्या आधी. त्या खोकल्याला किती श्वास लागतो हे जिला ठाऊक आहे तिने घ्यावा, तेवढाच. ओठ मिटलेले राहिले. एक खोकला वाजला. मग दुसरा, त्याहून छोटा.

तिचाच होता. मी डावीकडे हात नेऊन ठोक्याचा दंड धरला. त्याने मान वळवली नाही. "समोर बघ," पुटपुटला.

समोर ती बाई दाराकडे बघत बसली होती. अजून उठली नव्हती.

शेजारी आईने रिकाम्या खुर्चीवरची पर्स उचलली आणि मांडीवर घेतली.