मामीचं दार

मामाच्या घराची फरशी गरम आहे, ही गोष्ट पर्यटकांना शिखरापेक्षाही जास्त आवडते. पहाटे निघून शिखर चढायचं, उतरणीला काळ्या राखेतून किंचाळत पळत खाली यायचं, बुटांतून अर्धा डोंगर ओतून टाकायचा आणि मामाकडे जेवायला बसायचं. अनवाणी पाय फरशीला टेकले की सगळे एकदम गप्प होतात. मागे एक जर्मन बाई म्हणाली, आमच्याकडे अशी फरशी करून घ्यायला फार खर्च येतो. मामा म्हणाला, "आमच्याकडेही आला." भाषांतर करताना ते वाक्य मी गाळलं.

मी वाटाड्या. लिस्बनला भूगोल शिकून परत आलो, म्हणून गावात मला 'प्रोफेसर' म्हणतात. त्यात आदराचा भाग थोडा आहे. फोगो बेटाच्या मधोमध ज्वालामुखीची प्रचंड कढई आहे आणि तिच्या तळाशी आमचं गाव. कढईत राहू नये हे आम्हाला कळतं. पण द्राक्षं तिथेच येतात.

आमच्याकडे लाव्हा माणसापेक्षा हळू चालतो. त्यामुळे जीव वाचतो, आणि वर थोडा वेळही उरतो. त्या वेळात आम्ही दारं-खिडक्या काढून घेतो. भिंती काय, पुन्हा उभ्या राहतात. लाकूड मात्र या बेटावर मिळत नाही. त्यामुळे तो येतो तेव्हा घराला दार नसतं. सरळ आत येतो.

मागच्या वेळी तो आला तेव्हा लॉरिंदोमामा आणि आलसिंदामामी यांनी मिळून पुढचं दार काढलं. ते दार मामीच्या वडिलांनी केलेलं, किनाऱ्यावर फुटलेल्या एका जहाजाच्या फळ्यांचं. दोघांना जेमतेम उचलेल असं. त्याच्या आधीच्या वेळीही दोघांनीच ते काढलं होतं; तेव्हा थोडा उशीर झाला म्हणून त्याची खालची कड जळलेली आहे. दोघं रस्त्यावर दारापाशी उभी राहिली आणि समोर घर गेलं. मग मामी खाली, पुनर्वसनाच्या वसाहतीत राहायला गेली. मामा जाईना. निघताना ती एवढंच म्हणाली, "घर बांध, मग बघू."

यातलं 'घर बांध' मामाने ऐकलं. 'मग बघू' याचा अर्थ त्याने आपल्या सोयीने लावला.

शिखर आणि मागचा कडा यांच्यावर नजर लावून त्याने जुन्या घराची जागा शोधली आणि निवलेल्या लाव्ह्यावर बरोबर तिथेच बांधायला घेतलं. "आम्ही वरच्या मजल्यावर राहायला आलोय," असं तो पाहुण्यांना सांगतो. सगळ्यात आधी दार उभं केलं. बरेच महिने त्या काळ्या दगडांच्या रानात नुसतं हिरवं दार होतं, मागे भिंत नाही, पुढे भिंत नाही. पर्यटक त्याचे फोटो काढायचे. एका फोटोखाली कुणीतरी 'आशा' असं लिहिलं. मामाने विचारलं, ही कोण?

मग दाराच्या मापाने भिंती आल्या. जेवणाची खोली पाहुण्यांना दिली, दोन खोल्या ट्रेकरांना. मागची खोली बंद. तिथे नवा पलंग, त्यावर विणलेली चादर. ट्रेकरांची कितीही गर्दी झाली तरी ती खोली उघडायची नाही. मी खाली गेलो की मामीला निरोप: छप्पर झालं. चुना झाला. पलंग आला. मामी ऐकून घ्यायची, मला कॉफी द्यायची आणि म्हणायची, "गुडघा कसा आहे त्याचा?"

गेल्या ऑगस्टात मी एका डच जोडप्याला घेऊन शिखरावरून उतरलो, तर मामाच्या दारात पिकअप उभी. मामी उतरत होती. चर्चला जायचा निळा झगा, डोक्याला रुमाल. मामा आतून धावत आला. अर्धी दाढी झालेली, एका गालाला साबण.

"सिंदा! आधी कळवायचंस तरी."

"कळवलं असतं तर दुसरा गालही केला असतास. ये, पूस ते."

मामी आत आली. बसली नाही. चूल, फडताळ, खिडकी, सगळं हात लावून पाहिलं.

"सगळं तसंच केलंस."

"सगळं."

"हे फडताळ तिरकं होतं तेसुद्धा?"

"ते तर मुद्दाम. सरळ केलं असतं तर म्हणाली असतीस, हे माझं घर नव्हे."

मामी हसली. मी मक्याची भरड वाढत होतो. माझा हात थांबला. मामाने मागची खोली उघडली. तिने चादरीकडे पाहिलं, सुरकुती नव्हती तरी ती सरळ केली. मग खाली वाकून फरशीवर तळवा ठेवला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"अजून गरम आहे रे."

"थंडीत बरं पडतं. कोपऱ्यात पीठ झाकून ठेवलं की तासात फुगतं. तू बघच."

"लॉरिंदो, मी राहायला नाही आले."

मामाच्या गालावर साबण वाळला होता.

"दार न्यायला आलेय," मामी म्हणाली.

"कुठलं दार?"

"माझं."

"खालच्या घराला आहे की दार. चांगलं आहे म्हणत होता प्रोफेसर."

"चांगलंच आहे. कुलूपही लागतं." ती पलंगाच्या कडेवर टेकली, पाहुण्यासारखी. "दोनदा उचललंय मी ते. तिसऱ्यांदा नाही व्हायचं. तो येणार, हे तुलाही माहितीय. तेव्हा मी खाली असेन, आणि तू इथे एकटा, तो गुडघा घेऊन. एकट्याला नाही निघायचं ते. जळेल."

"म्हणजे दार वाचवायला आलीस. आणि मी?"

"तुला किती वर्षं सांगतेय, खाली चल. दाराला विचारावं लागत नाही, म्हणून ते नेतेय."

बाहेर डच नवरा गुडघ्याला मलम चोळत होता. त्याने मला हळूच विचारलं, काही सण आहे का. मी हो म्हणालो.

मामा उठला. पाचर मारून दार उचललं, वरची बिजागरी सोडवली, मग खालची. हात बसलेला होता. ड्रायव्हर धरून आम्ही चौघांनी, त्यात तो डच फार उत्साहाने, दार पिकअपमध्ये चढवलं. मामी मागे दारापाशीच बसली, जळक्या कडेवर हात ठेवून. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

"चल," ती म्हणाली.

मामाने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा राखेतल्या खड्ड्याखड्ड्यांतून पसरलेल्या वेलींकडे.

"द्राक्षं आलीत, सिंदा."

"हो," मामी म्हणाली. "आलीत खरी."

गाडी वळणाआड गेली तरी मामा हात पुढे धरून उभा होता, काहीतरी उचलल्यासारखा. मग त्याने आत जाऊन डच जोडप्याला चीज वाढलं.

आता त्या घराला दार नाही. गोणपाट लावलं आहे. वारा सुटला की राख सरळ आत येते आणि मामा दिवसभर झाडत बसतो. पर्यटक विचारतात तेव्हा मी सांगतो, पाहुण्यासाठी घर सदा उघडं ठेवायची इथली रीत आहे. ते हळवे होतात आणि फोटो काढतात.

मी एकदा म्हणालो, "मामा, खालच्या गावातून दार करून आणतो."

"मापाचं मिळणार नाही."

सुतार मापाचंच करतो, एवढं भूगोल शिकलेल्या माणसालाही कळतं. पण चौकटीवरच्या बिजागऱ्या चकचकीत दिसल्या. दर रविवारी तो त्यांना तेल घालतो.