शेळीमागचा व्याही

गहिनीनाथ चिताऱ्याने हैदराबादेत एका नाटक कंपनीचे पडदे रंगवण्यात काही वर्षं घालवली आणि गावी परतताना तो एक रस्ता घेऊन आला. रस्ता त्याच्या डोक्यात होता. पायाशी रुंद, लांब जाता जाता निमुळता आणि शेवटी सुतासारखा. असा रस्ता पडद्यावर उतरला की पुढं बसलेल्या माणसाला उठून चालू लागावंसं वाटे. गोदाकाठच्या आपल्या गावात तो एकदा तरी काढायचा आणि लोकांनी तो बघायचा, एवढीच त्याची हौस होती.

तशी संधी चालून आली. आप्पाराव पाटलांच्या लेकीचं, शिवकन्येचं लग्न परळीकडच्या बंकटराव देशमुखांच्या मुलाशी ठरलं. लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर चिताऱ्याने वरात काढायची, ही रीत. त्या वरातीतही मानपान असतो. देव सगळ्यांत मोठा, त्याखालोखाल नवऱ्या मुलाचा बाप, मग मुलीचा बाप, आणि वाजंत्री वीतभर. गहिनीनाथच्या बापाने जन्मभर तसंच काढलं होतं आणि कुणाची कधी तक्रार आली नव्हती.

गहिनीनाथने मात्र भिंतभर रस्ता काढला. दोन्ही कडेची झाडं लांब जात बारीक होत गेली, आणि पार टोकाला, घोड्यावर बसून येणारे बंकटराव बोटाच्या पेराएवढे झाले. लांबचं लांब दिसायला जवळ काहीतरी लागतं. समोरच्या लिंबाखाली धोंडीराम धनगराची कबरी शेळी बांधलेली असे. त्याने तीच काढली, चांगली कमरेएवढी.

गाव बघायला लोटलं. शेळी सगळ्यांनी ओळखली, व्याही कुणालाच सापडेना. धोंडीरामाने तर शेळीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि आता ही विकायची नाही, असं जाहीर केलं.

आप्पाराव गेवराईच्या कचेरीतून परतले ते भिंतीपुढे थबकले. हा ठिपका कोण, असं त्यांनी विचारलं. बंकटराव, असं उत्तर आलं. मग त्यांनी शेळीकडे बोट केलं. तिची ओळख सांगायची गरज नव्हती.

"कावून रं, माझ्या लेकीचं लगीन मोडतो का?" आप्पाराव म्हणाले. "मानाच्या पाव्हण्यापरीस शेळी मोठी?"

लांबचं बारीकच दिसतं, असं गहिनीनाथने परोपरीनं सांगितलं. आप्पाराव म्हणाले, "माझा भाऊ लांब शेतात असला तरी मला भाऊच दिसतो. मुंगी न्हाई दिसत."

आता हेही काही खोटं नव्हतं. डोळा एक सांगतो, मन दुसरं सांगतं, आणि गहिनीनाथच्या बापाने नेहमी मनाचं ऐकलं होतं.

पाटलांनी भिंतीला चुना फासायचा हुकूम सोडला. पण त्यांची बायको साखराबाई आडवी आली. उद्या वरात यायची, ओला चुना पाव्हण्यांच्या धोतरांना लागला तर अख्खी परळी पांढरी पाठ घेऊन फिरेल, असं तिचं म्हणणं. मग भिंतीवर जाजम टांगलं आणि चुना लग्नानंतरवर गेला. गहिनीनाथचा रस्ता तेवढ्यापुरता वाचला.

दुसऱ्या दिवशी वेशीबाहेर मारुतीपाशी सगळे वरातीची वाट बघत उभे राहिले. माळावर धूळ उठली. गहिनीनाथ हळूच पाटलांच्या बाजूला सरकला आणि म्हणाला, एक डोळा मिटून हात लांब करा आन अंगठा धरा. पाटलांनी वैतागून धरला. बंकटराव घोड्यासकट नखामागे गडप झाले. अंगठा बाजूला केला, व्याही हजर. पुन्हा धरला, पुन्हा गडप. शेजारी धोंडीरामाची शेळी पाला खात होती, ती काही दोन अंगठ्यांतही मावेना.

"आरं, खरंच की," पाटील पुटपुटले. त्यांना मोठी गंमत वाटू लागली. साखराबाईंनी कोपराने ढोसलं तरी त्यांचा डोळा मिटलेला आणि अंगठा वर. व्याही नखाबाहेर कधी येतात ते त्यांना बघायचं होतं.

व्याही आले. घोडा जागेवर थांबला आणि वाजंत्रीही गप्प झाले.

"पाटील," बंकटराव वरूनच म्हणाले, "आमाला ठेंगा दावता?"

आप्पारावांनी अंगठा झटकन खाली घेतला. लग्न शिवेवरच मोडायची वेळ. सांगून पटण्यासारखं हे नव्हतंच. त्यांनी घोड्याचा लगाम धरला, व्याह्यांना थेट घराकडे नेलं आणि स्वतःच्या हाताने जाजम ओढून खाली पाडलं. गहिनीनाथने डोळे मिटून घेतले.

बंकटरावांनी शेळी बघितली. मग, बऱ्याच वेळानं, ठिपका बघितला.

"ह्यो मी?"

"तुमीच," आप्पाराव म्हणाले. "लई लांब हायसा म्हणून बारीक. पन येतायसा. मी अंगठा धरून तेच बघत हुतो."

बंकटरावांनी मागे वळून एक डोळा मिटला आणि मारुतीच्या कळसावर अंगठा धरला. कळस गेला. काढला, कळस आला. पाहुण्यांत खसखस पिकली. बंकटराव मात्र गंभीर होते.

"बराबर हाय," ते गहिनीनाथला म्हणाले. "पन आता म्या आलो न्हवं? मग आलेला काढ."

गहिनीनाथने मुकाट्याने रंगाची वाटी उचलली.

लग्न लागेपर्यंत बंकटराव भिंतीवर आले. दारालगत, घोड्यावर, फेटा पार वळचणीला टेकलेला. गहिनीनाथच्या बापानेही मान डोलावली असती, इतके मोठे. शेळीही राहिली, पण घोड्याच्या पोटाखाली. त्या घोड्याने मात्र सगळा रस्ता झाकून टाकला. उरला तो त्याच्या चार पायांमधून दिसे तेवढाच, आणि त्याच्या टोकाला पेराएवढे दुसरे बंकटराव अजून येतच होते.

भिंतीला चुना लागला नाही. लग्नानंतर गहिनीनाथ कधी सकाळी तिथून गेला, तर आप्पाराव दातवण चावत, गुडघ्यावर हात टेकून, एक डोळा मिटून घोड्याच्या पायांतून बघताना दिसत.

"अजून येतोय," ते आत आवाज देत.

"मग न्याहारी वाढू, का थांबू?" साखराबाई आतून विचारत.