बाबांना कोण शिकवणार?

माझा नवरा अठरा वर्षांची पोर आहे. हसू नका. माझा म्हातारा गेला त्याच हिवाळ्यात माझ्या लेकीला मुलगी झाली आणि आम्ही तिला त्याचंच नाव दिलं, मक्पा. आमच्या बर्फाच्या मुलखात ज्याचं नाव त्याचं नातं. म्हणून मी तिला 'अहो' म्हणते, ती मला 'अगं' म्हणते, आणि माझा थोरला इपीली, दाढी पिकलेला बाप्या, तिला 'बाबा' म्हणतो. अशा पोराला कुणी रागवत नाही की त्याच्या चुका काढत नाही. वडीलधाऱ्याच्या चुका कोण काढणार?

तर यंदा आमच्या ह्यांनी एक जुनी बर्फगाडी घेतली. पहिले चार दिवस बरे गेले. मग ती टकटकायला लागली. हळू चालवली की टक… टक, जोरात पळवली की टकटकटकटक. त्यात ब्रेक दाबला की असली किंचाळायची की गावातली कुत्री भुंकत उठायची. मक्पा उतरायची, पाना काढायची, गाडी ज्यावर पळते तो मागचा पट्टा आणखी आवळायची आणि आम्हाला सांगायची, "झालं ठीक." ठीक कसलं, डोंबल!

त्या सकाळी ती म्हणाली, "अगं, मी निघते. बर्फाच्या कडेपर्यंत शिकारीला जाते, सील वर येऊन पडलेत म्हणतात."

"एकट्याच?"

"एकटीच. पट्टा जरा आवळते नि निघते."

वसंत लागला की समुद्रावरच्या बर्फाला भेगा पडतात, आणि भेग दिसते ती अगदी पुढ्यात आल्यावर. मी बूट चढवले नि तरातरा इपीलीच्या घरी गेले. तो चहात बॅनॉकचा, आमच्या जाड भाकरीचा, तुकडा बुडवत बसला होता.

"तुला ऐकू येतं की कान गोठलेत तुझे?"

"येतं ऐकू," तो खाली मान घालून म्हणाला. "इंजिनाचं काही नाही, आई. आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढतो, म्हणजे पट्ट्याचाच. पट्ट्यातली एखादी लोखंडी पकड वाकली असणार, ती दर फेऱ्याला आपटते. आवळून आवळून वाढतंय ते. आणि ब्रेकचे पॅड संपलेत. लोखंडावर लोखंड घासतंय."

"मग थांबेल का गाडी? ऐन वेळी?"

त्यानं बॅनॉक खाली ठेवला. "काय सांगावं."

"आणि तू इथं बसून चहा ढोसतोयस? ऊठ, सांग जा तिला!"

"बाबांना? मी?" त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला. "कसं सांगू गं? जीभ उचलत नाही."

शहाण्याशी काय वाद घालणार! मी तशीच परत फिरले.

मक्पा गाडीमागे उकिडवी बसली होती. पाना बर्फात पडला होता. मला बघून तिनं घाईघाईनं डोळे पुसले, पण मी काय आंधळी आहे?

"अहो, काय झालं?"

"काही नाही."

"मला सांगायचं नाही तर कुणाला?"

मग बांध फुटला. "मला काही कळत नाही गं त्या गाडीतलं! सगळे म्हणतात, मक्पाला काय सांगायचं, मक्पाला येतंच. मला नाही येत. मला कुणी शिकवलंच नाही."

"मग विचारा की! तोंड आहे ना?"

"विचारलं तर म्हणाल, ही तो मक्पा नव्हेच." तिचा आवाज चिरकला. "मग मी कोण तुमची?"

बाई गं! एवढं मनात घेऊन ही पोर बर्फाच्या कडेला निघाली होती. मी तिला छातीशी धरलं. "अहो, नाव काय हुशारी बघून दिलं होतं तुम्हाला? तेव्हा तुम्हाला धड मानसुद्धा धरता येत नव्हती. जीव जडला तो तेव्हाच. तुम्हाला गाडी येवो नाहीतर न येवो, माझे तुम्हीच."

ती मान वर करून माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागली. इपीली घराच्या कोपऱ्याशी येऊन उभा होता, उगीच आभाळ बघत.

"पोरा," तिनं हाक मारली. "इकडे ये रे जरा. मला हे जमत नाही. तू शिकवशील?"

तो जागचा हललाच नाही. मला वाटलं, पळतो की काय हा. मग आला आणि गुडघ्यांवर बसला.

त्यांनी गाडी मागून उचलून पेटीवर टेकवली. "पट्टा हातानं फिरवा, बाबा. सावकाश. बोटं लावून एकेक पकड चाचपा." मक्पा चाचपत गेली आणि एका जागी थबकली. "ही वाकडी आहे!" "तीच ती. आता पट्टा सैल करा. नाही, इतका नको. मधे असा लोंबला पाहिजे थोडा. बघा." त्यानं पकड बदलून दाखवली. मग खिशातून ब्रेकचे नवे पॅड काढले. डबीचे कोपरे पार दुमडले होते.

"कधीपासून घेऊन फिरतोयस रे मेल्या?" मी विचारलं. त्यानं ते पॅड मक्पाच्याच हातानं बसवून घेतले.

ती गाडी घेऊन खाडीवर एक चक्कर मारून आली. टकटक नाही. आमच्यासमोर ब्रेक दाबला, आणि गाडी गपकन थांबली. "पोरा, चल रे माझ्याबरोबर!" ती ओरडली. "वाटेत काही झालं तर?"

"आलो, बाबा," इपीली म्हणाला, पण उठेना. तिथंच बर्फात बसून राहिला. दाढीत पाणी उतरत होतं.

"आता काय झालं तुला?"

"आख्ख्या जन्मात बाबांनी मला कधी काही विचारलं नव्हतं गं," तो म्हणाला. "आज विचारलं."

वाकून मी त्याचं तोंड माझ्या बाहीनं पुसलं.