फ्रेमखाली झाकलेली ओळ

कारखाना म्हणजे तरी काय, घराची मागची खोली. चार विणकर बायका, लोकरीचे गुंडे आणि भिंतीवर सोनेरी फ्रेममध्ये बोधचिन्हाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र. इथे तान्ह्या बाळांचे मोजे विणले जात. प्रत्येक मोज्यावर बोधचिन्ह म्हणून एक इवलंसं पाऊल भरलेलं असे. ते पाऊल मालकीणबाईंच्या लेकीचं. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी शाई लावून घेतलेलं, करंगळी जराशी तिरकी. गिऱ्हाइकं ती तिरकी करंगळी बघूनच मोजे घेत.

त्या सकाळी परदेशातून पत्र आलं. माल बंदरावर अडवला होता. कारण: नकली.

"आपला माल नकली?" मालकीणबाईंचा नवरा हसला. "प्रमाणपत्र दाखव त्यांना, बोबडी वळेल."

तिनं फ्रेम काखेत मारली आणि समोरच्या वकीलबाईंचं दार वाजवलं. बाईंची हयात बोधचिन्हांची नोंद करण्यात गेली होती. गुडघे थकले होते, जीभ नाही.

"फ्रेम कुणी केली?"

"ह्यांनी. हौसेनं."

"प्रमाणपत्र नवरीसारखं नटवलंत, वाचलं मात्र नाही." बाईंनी मागचे खिळे काढले. सोनेरी पट्टीखाली एक ओळ दडली होती: नोंदणी दहा वर्षांसाठी. मुदत संपून चार महिने झाले होते.

"सूचना आली नाही?"

"जुन्या घरी गेली असेल."

"पत्ता बदलल्याचं कळवलंत?"

"ते राहूनच गेलं."

"इथलं वाचेल. दंड भरून नूतनीकरण करायला अजून दोन महिने आहेत. पण हा कागद आपल्या देशापुरताच. तिकडे वेगळा अर्ज केला होता?"

"तिकडे भाऊ होते ना, आमचे जुने व्यापारी. आमचा माल तेच विकायचे. म्हणाले, ताई, तिकडची काळजी माझ्यावर सोडा. यंदा त्यांनी भाव पाडले, म्हणून दुसऱ्या व्यापाऱ्याला माल दिला."

बाईंनी संगणकावर त्या देशाची नोंदवही उघडली. तेच पाऊल. तीच तिरकी करंगळी. मालक म्हणून भाऊंचं नाव, तीन वर्षांपासून.

"घेतली की काळजी," बाई म्हणाल्या.

"पण हा माझ्या लेकीचा पाय आहे!"

"जन्म तुम्ही दिलात, नोंद त्यानं केली. भांडा जरूर. दगा सिद्ध करायला वर्षं जातील, आणि निकालाची खात्री मी देणार नाही."

"विश्वास ठेवला, हीच चूक झाली का हो?"

"विश्वास ठेवावा. पण पोर रांगायला लागलं की आपण जिन्याला फळी लावतोच ना? ती काही पोरावरचा अविश्वास म्हणून नाही."

दीड महिन्यानं बंदरावरून मोज्यांचे गठ्ठे परत आले. नव्या व्यापाऱ्याला मोजे हवे होते, पाऊल नको होतं. चारही बायका कात्र्या घेऊन बसल्या. आपणच घातलेले टाके आपणच उसवायचे. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"भाऊला शिव्या घालून तरी उसवूया," एक म्हणाली. "हात चालतील."

कात्र्या चालत राहिल्या.

लेक शाळेतून आली. दहा वर्षांची. उंबऱ्यातच थबकली.

"आई, माझा पाय का काढताय?"

"तिकडे तो आपला राहिला नाही, बाळा."

"मग कुणाचा आहे?"

नवरा गुपचूप उठला. फ्रेमच्या रिकाम्या खिळ्याला त्यानं एक साधा पुठ्ठा टांगला. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: इथली मुदत कधी संपते, कोणत्या देशात अर्ज द्यायचा, पत्ता बदलला की कुठे कळवायचं. मग तोही कात्री घेऊन खाली बसला.

"वाचायला हवं होतं मी," तो म्हणाला. तिनं नुसता एक मोजा त्याच्या हातात दिला.

वाचकहो, आपण पोराच्या जन्माची नोंद करतो, लसीच्या तारखा पाठ ठेवतो. कष्टानं वाढवलेल्या नावाचं तसंच आहे. नोंद करा, मुदत सांभाळा आणि परमुलखात पाठवण्याआधी तिथेही त्याची नोंद करा. नाहीतर आपल्याच लेकराचं पाऊल आपल्याच हातांनी उसवावं लागतं, आणि दोरा निघाला तरी लोकरीवर भोकं राहतातच.