रजईतला बंब

आमच्या जयूला पोटभर हसता येत नसे. लहानपणापासूनचा दमा. हसू फुटलं की पाठोपाठ खोकला ठरलेला, म्हणून पोरगी तोंडाला पदर लावूनच हसायची. लोक म्हणायचे, काय लाजरी आहे हो अनसूयाबाईंची लेक! लाजरी कसली डोंबलाची! श्वासाला भ्यायची ती.

त्या वर्षी ती पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे उज्जैनला आली होती. नोव्हेंबरात नवं राज्य झालं, भोपाळ त्याची राजधानी ठरली आणि आमच्या जावयांचं, माधवरावांचं, ऑफिस ग्वाल्हेरहून भोपाळला हललं. तिथं क्वार्टर मिळेना. ते कुणाच्या तरी व्हरांड्यात खाट टाकून दिवस काढत होते. डिसेंबरात जयूला मुलगी झाली. सगळं सुखरूप झालं, मी महाकाळाला हात जोडले.

घात झाला तो न्हाणाच्या दिवशी. पहाटे मी माझा तांब्याचा बंब पेटवला. लाकडं ओलसर होती. न्हाणीघरात धूर कोंडला आणि अंगावर दुसरा तांब्या पडायच्या आत जयूचे ओठ निळे पडले. देवास गेटहून डॉक्टर टांग्यातून आले, सुई टोचली आणि मलाच दरडावलं, “माँजी, धुआँ बिलकुल बंद. फिर ऐसा हुआ तो बचाना मुश्किल है.”

बंद म्हणजे काय काय बंद? बंब गेला, शेगडी गेली, केस सुकवायची ओव्याची धुरी गेली. स्टोव्हच्या वासानंही तिची छाती भरायची. स्वयंपाकापुरती चूल मी परसाच्या पार टोकाला मांडली. पण न्हाणाचं पाणी तापायचं तर बंब चांगला घटकाभर धडधडायला हवा, आणि मेला वारा नेमका घराकडेच यायचा. अंगाला तेल, छातीला दूध, आणि अंघोळ नाही. “आई, माझाच मला वास येतो गं,” म्हणून ती रडायची. रडली की पुन्हा धाप. ओल्या बाळंतिणीला गार पाणी कसं घालू? मी आतल्या आत नुसती जळत होते.

तेव्हा आमचे हे बोलले. शाळेत सायन्स शिकवतात. दिवाळीपासून त्यांनी गच्चीवर एक तमाशा मांडला होता. लाकडी पेटी, तिच्यात भुसा, भुशावर पसरट पत्र्याची टाकी, वर खिडकीची काच. टाकीला काजळी आणि जवसाचं तेल खलून फासलेलं. घरातल्या प्रत्येक टॉवेलला त्या काळ्याचे डाग पडले होते.

“अगं, माझं पाणी वापरून बघ. ना लाकूड, ना धूर.”

“तुमचं पाणी? ते सूर्यनारायणाच्या मर्जीचं! माझा बंब म्हणाल तेव्हा पाणी देतो.”

“देतो ना. बरोबर धूरही देतो.”

मी तणतणत गच्चीवर गेले. दुपार कलली होती. त्यांनी टाकीचा नळ सोडला, मी ऐटीत धारेखाली बोट धरलं आणि “अगं आई गं!” म्हणून मागे घेतलं. चांगलं कडकडीत होतं हो पाणी.

पण आनंद क्षणभरच. “कडकडीत झालं कधी? ऊन उतरल्यावर!” मी म्हटलं. “आता न्हाऊ घातली तर तिचे एवढे लांब केस सुकवू कशावर? शेगडी नाही, धुरी नाही. ओल्या केसांनी थंडीत रात्र काढली तर छातीच धरेल. न्हाण सकाळीच हवं, म्हणजे दिवसभर उन्हात बसेल.”

यांचा चेहरा पडला. “सकाळी ऊन कुठून आणू?” म्हणाले आणि पेटीशेजारी मटकन बसले. तेवढ्यात खालून जयूची धाप ऐकू आली. मला रडूच फुटणार होतं, पण रडायला सवड कुणाला होती?

आमच्याकडे कुणी उशिरा जेवणार असलं की मी भाताचं पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवते. कित्येक तासांनंतरही वाफ निघते. तेच आठवलं. “अहो, उठा. बादल्या भरा. ओता सगळं माझ्या बंबात.”

“बंबात? आणि विस्तव?”

“विस्तवाचं नाव काढू नका.”

ते जिन्यावरून बादल्या आणत गेले, मी बंब भरत गेले. बंबाच्या नळकांड्यात चिंध्या कोंबल्या, वर पाट ठेवला. घरातल्या गोधड्या पुरेनात. मग ट्रंकेतून भैरवगढच्या छापाची नवी कोरी रजई काढली. जावईबापूंसाठी शिवून घेतली होती. यांनी डोळे मोठे केले, “अगं, काजळी लागेल!” म्हटलं, लागू दे. आणि त्या काळ्या बंबाला ती कडेपर्यंत लपेटली.

सकाळी रजईत हात घालून बघितलं तर बंबाचं अंग उबदार. नळाखाली बोट धरलं. बाळंतिणीला हवं तसं, सोसवेल इतकं गरम! मी तिथूनच ओरडले, “अहो, आहे! आहे गरम!” हे दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून धावत आले.

जयूला शांतपणे न्हाऊ घातलं. मग बाळाला. लेक अंगणात केस मोकळे सोडून उन्हात बसली. किती दिवसांनी तिचा चेहरा निवळलेला दिसला! मला इतकं हलकं वाटलं की मी तिच्याशेजारी फतकल मारून नुसती बसून राहिले.

एवढ्यात दार वाजलं. माधवराव! रात्रभर गाडीत कुडकुडत आलेले, नाक लाल. बाळाला बघितलं, जयूला बघितलं, आणि भीतभीतच मला म्हणाले, “सासूबाई, जरा अंगावर घ्यायला काही मिळेल?”

मी रजई आणायला वळले आणि जागीच थबकले. हेच म्हणाले, “माधवराव, तुमची रजई बंबाला घातलीय. त्याला थंडी वाजत होती.”

माधवरावांनी न्हाणीघरात डोकावून बघितलं. बंब मजेत, काळा ठिक्कर, त्यांची नवी रजई गळ्यापर्यंत ओढून बसलेला.

जयूला हसू फुटलं. पदर लावायला तिचे हात मोकळे नव्हते, बाळ होतं ना. ती खळखळून हसत सुटली. हे हसायचे थांबले, मीही थांबले. दोघंही कान लावून खोकल्याची वाट बघत होतो.

खोकला आलाच नाही. ती आपली हसतच होती.