टाळूचं कलम

भडगावचा तोताराम आबा गावठी बोरींवर चांगल्या जातीचे डोळे भरून कलमं करायचा, या कामाला त्याला तीस वर्षं झाली होती. एका हाताने डोळा सालीत दाबून धरायचा, दुसऱ्याने प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची आणि पट्टीचं टोक खालच्या पुढच्या दोन दातांत पकडायचं, ही त्याची पद्धत. त्या दोन दातांची हिरडी उतरून मुळं उघडी पडली, तेव्हा आबाचं धाबं दणाणलं. दात गेले की कलमं गेली.

जळगावच्या दातांच्या डॉक्टरबाई वयाने त्याच्या मुलीएवढ्या. त्यांनी सांगितलं, तोंडातल्या टाळूचा पातळ तुकडा काढून हिरडीवर शिवायचा, म्हणजे कलमच करायचं. हा शब्द ऐकल्यावर आबाला पुढचं सगळं समजलं, निदान त्याला तसं वाटलं. ओठ ओढून बघू नका, रंग बदलला तरी घाबरू नका, असं बाई सांगत होत्या आणि आबा मान हलवत होता. आपल्याच धंद्यातलं कोणी सांगायला लागलं की माणूस अर्धंच ऐकतो.

गंमत म्हणजे शिवलेल्या जागेपेक्षा टाळूची जखमच जास्त छळायला लागली. कोमट चहासुद्धा झोंबायचा. कळण्याची भाकरी बंद, ठेचा बंद. बायको सुगंधाबाई गार खिचडी आणि ताक पुढे ठेवायची, आबा ते गिळायचा आणि तिच्यावरच चिडायचा. चौथ्या दिवशी सूज उतरली. त्याला जरा बरं वाटलं, आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला.

सहाव्या दिवशी त्याने दाढीच्या आरशात ओठ ओढून पाहिलं. कलम पांढरं पडलं होतं, कडेने साल सुटल्यासारखं दिसत होतं.

"हाई कलम मरेल शे," आबा म्हणाला.

मेलेला डोळा ठेवला की सड आत उतरते, हे तो अख्ख्या तालुक्याला सांगत आला होता. आधी डॉक्टरबाईंना दाखवा, म्हणून सुगंधाबाईने परोपरीने विनवलं. त्याने पंच्याचं टोक बोटाला गुंडाळलं आणि ते पांढरं ओढून काढलं. टाके तुटले आणि पंचा लाल झाला.

दुसऱ्या दिवशी जळगावला जाताना बसमध्ये त्याला जखमेपेक्षा लाजेनेच जास्त त्रास दिला. कलमाशी चाळा करणाऱ्यांना हाच माणूस चारचौघांत झापायचा. दवाखान्याच्या खुर्चीत बसल्याबसल्या त्याने ठोकून दिलं, जेवताना आपोआप निघालं.

बाईंनी बराच वेळ पाहिलं. वरचा पांढरा पापुद्रा आठ-दहा दिवसांत गळतोच, त्या म्हणाल्या, खाली कलम जिवंत असतं. पण हे मुळासकट सुटलं, म्हणजे धरलंच नव्हतं. शिवताना आपलाच हात चुकला असणार, असं त्या म्हणाल्या. आता दुसऱ्या बाजूची टाळू कापायचा त्यांना धीर नव्हता. दात हलायला लागले की काढू आणि खोटे बसवू, असं म्हणून त्या केसपेपरवर तसं लिहायला लागल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

खोट्या दातांत ओढून धरलेली पट्टी टिकत नाही, हे आबाला माहीत होतं. तरी तो गप्प राहिला असता. पण त्या लिहिणाऱ्या हाताकडे पाहून त्याला स्वतःची शरम वाटली. तीस वर्षांत एकही कलम आपल्या हातून फसलं, असं तो कधी म्हणाला नव्हता. दर वेळी चूक पाण्याची, नाहीतर शेतमालकाची.

"बाई, तुम्हनं काही चुकनं नही," तो म्हणाला. "मीच वढी काढं."

पेन थांबलं. बाई रागावल्या, ते दिसत होतं. लिहिलेली ओळ त्यांनी खोडली. टाळू भरून आली की दोन महिन्यांनी उजव्या बाजूचं घेऊ, त्या म्हणाल्या.

दोन महिने म्हणजे यंदाचे डोळे भरायचे दिवस गेले.

"आणि आबा, तितकंच दुखेल."

"दुखू द्या," आबा म्हणाला.